उत्तर मागच्या बाजूला

आमच्याकडे अभ्यासाला वेगळं क्रियापद नाही. 'वाचाले बस' म्हणजे अभ्यासाला बस. 'पोट्टं दिवसभर वाचते' म्हणजे पोरगं मेहनती आहे. 'वाचलंच नाई त्यानं' म्हणजे निकालाआधीच निकाल लागला. जानेवारी-फेब्रुवारीत वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातून संध्याकाळी चक्कर मारा. ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर गाईड आणि पुढे-मागे हलत पुटपुटणारं दहावीचं एक लेकरू हमखास दिसेल. ओठ हलतायत तोवर घरचे निवांत. ओठ थांबले की आतून आवाज येतो, "वाचतं का झोपतं?"

ओठ थांबवून ते लेकरू कदाचित आठवत असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. आठवणं बाहेरून झोपेसारखंच दिसतं.

पुस्तकी मराठीत मात्र यासाठी उजळणी हा शब्द आहे, आणि मला तो आवडतो. पूर्वी पोरांच्या दप्तरात 'उजळणी' नावाचं एक पातळ पुस्तकच असायचं. त्यात मुळाक्षरं, बाराखडी, पाढे. जुन्या आवृत्त्यांत तर पावकी, निमकी, दिडकी, औटकीसुद्धा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज कॅल्क्युलेटर खिशात असताना कुणी तो म्हणणार नाही, पण आमच्या आजोबांना तो येत होता आणि बाजारात हिशेब करताना त्यांना दुकानदाराच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. उजळणं म्हणजे घासून चकचकीत करणं. पितळेच्या तांब्याला चिंच लावून हात दुखेस्तोवर घासावं लागतं. तांब्याकडे चार वेळा बघितल्यानं तो उजळत नाही. दहावीच्या आदल्या महिन्यात बहुतेक घरांत चालतं ते हे बघणंच.

मी पुण्यात एका ॲपसाठी स्पर्धा परीक्षांचे प्रश्न तयार करते. चार पर्याय, एक खरा, तीन खोटे पण खऱ्यासारखे दिसणारे. २०२४च्या दिवाळीत घरून काम करायची परवानगी घेऊन गावी आले आणि मार्चपर्यंत तिथंच राहिले. गाव मालेगाव तालुक्यातलं. (नाशिकचं मालेगाव नव्हे, हे अकोला-वाशिम रस्त्यावरचं. हा खुलासा आम्हाला आयुष्यभर करावा लागतो.) त्याच हिवाळ्यात माझी वहिनी दहावीला बसत होती. सतरा नंबरचा फॉर्म भरून.

हा फॉर्म ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळा सुटलेल्या माणसाला थेट बोर्डाच्या परीक्षेला बसता यावं म्हणून राज्य मंडळानं ठेवलेली ही खिडकी आहे. रोज शाळेत जावं लागत नाही, पण पेपर तेच, प्रश्न तेच, ३५ टक्क्यांची रेघही तीच. वहिनी माझ्याच वयाची, २८ वर्षांची. गावातली शाळा आठवीपर्यंत, पुढची पाच किलोमीटरवर, आणि एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी कधी जुळलीच नाही. नववी अर्धी झाली आणि शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती आमच्याकडे आली. आता तिची पोरगी पहिलीत आहे. वहिनीला अंगणवाडीच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. सेविका व्हायला आता बारावी लागते, आणि बारावीच्या आधी दहावी.

परीक्षा २१ फेब्रुवारीपासून होती. बोर्डाच्या वेळापत्रकात आणि आमच्या शेतीच्या वेळापत्रकात जुनं वैर आहे. सोयाबीन घरात येतं न येतं तोच डिसेंबर-जानेवारीत तूर उभी असते, आणि ऐन पेपरांच्या दिवसांत हरभरा सोंगणीला येतो. वहिनीच्या दिवसात पुस्तक हातात धरता येईल असे फार तर दोन तास निघत, तेही रात्री साडेनऊनंतर, पोरगी झोपल्यावर. दादा रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेला असायचा. ती पलंगाला टेकून पाय पसरायची आणि वाचायची.

पहिला विषय तिनं घेतला भूगोल. दहावीचं भूगोलाचं पुस्तक मोठं मजेशीर आहे. सगळं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करतं. तिनं ब्राझीलच्या हवामानाचा धडा एका रात्रीत तीनदा वाचला. सकाळी चुलीपाशी मी सहज विचारलं, ब्राझीलमध्ये कमी पाऊस कुठं पडतो? तिचा हात भाकरीवर थांबला.

"मले सारं येत होतं वं ताई रात्री," ती म्हणाली. "पानसुदा दिसते डोयापुढं. उजवीकडचं पान. पर काय लिवलं हाय ते नाई दिसत."

इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या मानसशास्त्राच्या पुस्तकातही वाचलेलं नाही.

कारण ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. माझ्या ॲपवर पोरं ओळखतात. चार पर्याय समोर असतात, त्यातला एक चेहरा ओळखीचा वाटतो, बोट तिथं पडतं, हिरवी खूण येते, बरं वाटतं. बोर्डाचा पेपर मात्र कोरी पानं देतो. त्यावर काहीही ओळखीचं नसतं. तिसऱ्यांदा वाचताना धडा सोपा वाटतो, कारण वाक्यं ओळखीची झालेली असतात, आणि हा सोपेपणाच आपल्याला फसवतो. एसटीच्या रोजच्या कंडक्टरला आपण शंभर माणसांत ओळखू, पण त्याच्या शर्टावरचं नाव कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. शंभर वेळा वाचलेलं असूनही.

याची रीतसर मोजणी झालेली आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोघांनी २००६ साली एक शोधनिबंध छापला. कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे दिले, सूर्याबद्दल, समुद्री पाणमांजराबद्दल, असे साधेच. त्यातल्या एका प्रयोगात काही जणांना उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचू दिला. काही जणांनी एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तर उलटं झालं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं, लिहिणाऱ्यांकडे ६१. आणि गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

पाच मिनिटांनंतरची परीक्षा आणि आठवड्यानंतरची परीक्षा, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. घरातली, शिकवणीतली सगळी शाबासकी पाच मिनिटांच्या परीक्षेवर मिळते. आत्ता वाचलं, आत्ता म्हणून दाखव. वा! बोर्ड मात्र विचारतं ते महिन्यांनंतर.

तर ठरलं की वहिनीनं धडा एकदाच नीट वाचायचा आणि मग पुस्तक मिटायचं. त्यासाठी चिठ्ठ्या केल्या. कागद विकत आणायची गरज पडली नाही. आमच्याकडच्या प्रत्येक घरात खिळ्याला किंवा कपाटावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो, देवाचं चित्र असतं म्हणून कुणी फेकत नाही. देवाची बाजू आईनं कापून वेगळी ठेवली, उरलेल्या जाड कागदाचे पत्त्यांएवढे तुकडे केले. एका बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर. प्रश्न मी लिहिणार होते, पण वहिनी म्हणाली मीच लिहिते, आणि ते बरं झालं, कारण धड्यातून प्रश्न काढायचा तर धडा कळावा लागतो.

श्रीखंडाचे तीन रिकामे डबे घेतले. नवी चिठ्ठी पहिल्या डब्यात, ती रोज विचारायची. उत्तर आलं की दुसऱ्या डब्यात, तो तीन दिवसांनी उघडायचा. तिथंही आलं की तिसऱ्यात, तो दर रविवारी. कुठंही चुकलं की चिठ्ठी परत पहिल्या डब्यात. ही युक्ती माझी नाही. जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनर नावाच्या पत्रकारानं १९७०च्या दशकात ती पुस्तकातून लोकांपुढे आणली आणि आज फोनवरची पाठांतराची अनेक ॲप तिच्याच जोरावर चालतात. तुमच्या फोनवर ती फुकटात मिळतील. वहिनीला डबेच बरे पडले, कारण फोन उघडला की आधी मावसबहिणीचं स्टेटस दिसतं.

दिवसाआड, आठवड्याआड विचारण्यामागचं कारण आणखी जुनं आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करायच्या आणि किती विसरलो ते मोजायचं. बारा अक्षरांची माळ एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत मिळून ३८ वेळा घोकून साधलं. जवळजवळ निम्मी मेहनत वाचली. ज्या बाईकडे दिवसाचे दोन तास आहेत तिला हा आकडा सांगायलाच हवा होता. ती म्हणाली, "पाण्यासारखंच हाय मंग. एका दिवशी सारं सोडलं तं वाहून जाते."

इथपर्यंत सगळं सोपं होतं. खरा प्रश्न होता, चिठ्ठ्या विचारणार कोण?

दिवसा मी लॅपटॉपसमोर अडकलेली. दादा दिवसा झोपलेला किंवा बाजार समितीत. उरली आई. आईचं शिक्षण चौथीपर्यंत. ती वाचते, पण एकेका अक्षरावर बोट ठेवून. तूर निवडताना, भाजी चिरताना, वहिनीसोबत दिवसभर तीच असते. म्हणजे सुनेची उजळणी सासूनं घ्यायची. आमच्या गावात हे वाक्य म्हणून पाहा, लोक हसतील.

पहिल्या दिवशी आईनं चिठ्ठी काढली, बोट ठेवून प्रश्न वाचला. वहिनी गप्प. आईनं चिठ्ठी उलटली, मागचं उत्तर सावकाश वाचलं आणि म्हणाली, "एवढंबी नाई येत? रात्रभर तं लाइट जाळते."

वहिनीनं डबा उचलून आत नेला. पुढचे चार दिवस ती परत पलंगाला टेकून नुसती वाचत राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "वाचलं की बरं वाटते ताई. इचारलं की घाम फुटते."

मग तिनं सातवीतली गोष्ट सांगितली. फळ्यापाशी उभं करून प्रश्न विचारला होता. उत्तर आलं नाही, तर तास संपेपर्यंत तिथंच उभं ठेवलं. मार बसला नाही, कुणी ओरडलं नाही. फक्त उभं राहायचं, साऱ्या वर्गाकडे तोंड करून. त्यानंतर ती शाळेत नेहमी पुस्तक उघडं ठेवून, मान खाली घालून बसायची. वाचणाऱ्या पोरीला कुणी विचारत नाही, हे तिला कळलं होतं.

हे ऐकल्यावर ओट्यावरच्या त्या सगळ्या पुटपुटणाऱ्या लेकरांकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. अभ्यासाच्या पद्धतींवर भरपूर लिहिलं गेलं आहे. २०१३ साली पाच मानसशास्त्रज्ञांनी दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं या दोन पद्धती सगळ्यांत वर आल्या, पुन्हा वाचणं आणि रंगीत पेनानं खुणा करणं तळाशी गेलं. ही गोष्ट गुप्त नाही, यूट्यूबवरचा प्रत्येक टॉपर आज ती सांगतो. तरी पोरं वाचतच राहतात. आळस म्हणावा तर ती चार-चार तास वाचतात. मला वाटतं, वाचण्यात कधीच कुणी नापास होत नाही, हे त्याचं कारण आहे. पुस्तक उघडं असताना 'येत नाही' हे उघडं पडत नाही. पुस्तक मिटलं की पहिल्या दहा सेकंदांत आपण उघडे पडतो, आधी स्वतःपुढे, आणि घर लहान असेल तर सगळ्यांपुढे. ज्या पोरानं प्रश्न म्हणजे शिक्षा असाच अनुभव घेतला आहे, त्याला तुम्ही सांगता की रोज स्वतःला वीस प्रश्न विचार. ते कशाला विचारेल?

रीलवर चार वाजता उठून चौदा तास अभ्यास करणाऱ्या पोरांच्या टेबलावर सगळं असतं, दिवा, टायमर, पाच रंगांचे हायलायटर. चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसणारं माणूस मात्र त्या चौकटीत दिसत नाही. ते विकत मिळत नाही म्हणून असेल.

आमच्या घरी ते माणूस तयार व्हायला पंधरा दिवस लागले. मी आईशी बोलले. भांडलेसुद्धा, खोटं कशाला सांगू. शेवटी एक नियम ठरला. उत्तर येत नसेल तर 'नाई येत' म्हणायचं. विचारणाऱ्यानं त्यावर एक अक्षर बोलायचं नाही. चिठ्ठी उलटून उत्तर वाचायचं, पहिल्या डब्यात टाकायचं, पुढची काढायची. आईनं नियम मान्य केला, पण तोंड बंद ठेवणं तिला जड जायचं. जीभ टाळ्याला लावल्याचा 'च्च' असा आवाज यायचा. तो आवाजही नियमाविरुद्ध आहे, असं पुतणीनं जाहीर केलं.

आई खरी बदलली ती ब्राझीलमुळे. एका चिठ्ठीवर सोयाबीनचं उत्पादन होतं. ब्राझील सोयाबीन पिकवण्यात जगात पहिला आहे हे आईनं बोट ठेवून वाचलं आणि थांबली. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आमच्या मालाला बाजारात त्याहून बरंच कमी मिळालं होतं. "मंजे आपल्याले भाव नाई तो याह्यच्यामुळं?" आईनं विचारलं. इतकं सरळ नसतं, पण जगाच्या बाजारात त्यांचा माल किती येतो याचा इथल्या भावाशी संबंध असतो हे खरं. वहिनीनं तिला जमेल तसं समजावलं. मला आठवतं तेवढ्यात पहिल्यांदाच सासू विचारत होती आणि सून न घाबरता सांगत होती.

त्यानंतर आईला चिठ्ठीवरचा प्रश्न पुरेनासा झाला. उत्तर आलं की ती पुढं विचारायची, "काहून?" ब्राझीलच्या ईशान्येला अवर्षण चतुष्कोन आहे. काहून? समुद्राकडून येणारे वारे पूर्वेच्या अजस्र कड्याला अडतात, पाऊस तिथंच पडतो आणि पलीकडं पर्जन्यछाया. काहून? अगं, डोंगराच्या पल्याडच्या बाजूले ढग रिकामे होऊन येतात. "असं सांग ना मंग," आई म्हणायची. भूगोलाच्या पेपरात 'भौगोलिक कारणे लिहा' असा प्रश्न असतो. हा प्रश्न म्हणजे शुद्ध मराठीतलं 'काहून' आहे, आणि तो वहिनीला पुढं कधीच जड गेला नाही.

सगळंच चिठ्ठ्यांनी झालं असं नाही. गणिताला त्यांचा उपयोग फार थोडा. सूत्र पाठ होतं, पण ते कुठं लावायचं हे कळत नाही. पुस्तकातल्या सरावसंचात गणितं प्रकरणवार असतात, म्हणजे वर्गसमीकरणाच्या पानावरची सगळी गणितं वर्गसमीकरणाचीच. गणित वाचायच्या आधीच उत्तराची वाट ठरलेली. पेपरात ती सोय नसते. म्हणून आम्ही वेगवेगळ्या प्रकरणांतली गणितं कापून एका पिशवीत टाकली आणि हात घालून निघेल ते सोडवायचं ठरवलं. सुरुवातीला वेग फार कमी झाला, ती वैतागली, नंतर जमलं. अर्थनियोजनाचं प्रकरण मात्र तिनं खताच्या बिलावर शिकलं. पाच टक्के जीएसटी, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. बिल घरात होतंच.

आणि हात. याबद्दल कुठल्याच टॉपरच्या व्हिडिओत कुणी बोलत नाही. बारा-तेरा वर्षांत वहिनीनं सही आणि किराण्याची यादी सोडून काही लिहिलं नव्हतं. डिसेंबरात घड्याळ लावून जुना पेपर सोडवायला बसवलं तर पाऊण तासात अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली. पराटी उपटणारा, विळा चालवणारा हात पेनानं दमला. मराठीचा पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. बोर्ड आता शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं, पण दुखऱ्या हाताला दहा मिनिटांनी काय होतं? मग रोज रात्री एक पान लिहायचं, काहीही. तिनं काय लिहिलं ते मला दाखवलं नाही आणि मी मागितलं नाही. जानेवारीअखेर ती दोन तास सलग लिहू शकत होती. उत्तर येणं आणि ते वेळेत कागदावर उतरवणं यांत हाताचा स्नायू असतो, हे कॉलेज सुटून सहा वर्षं कीबोर्डवर काढलेल्या मलाही तेव्हाच कळलं. माझा हात तर तिच्याआधी दुखला.

इंग्रजीबद्दल थोडक्यात सांगते. उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातच असतात, ती शोधायची सवय केली आणि पत्रलेखनाचा साचा पक्का केला. पासापुरतं. दोन तासांत सगळं बसत नाही, काय सोडायचं हे ठरवणं हासुद्धा अभ्यासच.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ओळखीतला एक जण घरी येऊन चहा पिताना म्हणाला, "वहिनीसाहेब, कायले एवढा ताण घेता? सेंटरवर पाहून घेऊ ना." कॉपीमुक्त अभियानाचे फलक सगळीकडे लागलेले असतानाची ही गोष्ट. दादा काहीच बोलला नाही. वहिनी आतून म्हणाली, "भाऊ, कॉपी कराले काय कुठं लिवलं हाय ते माहीत असाव लागते. तेवढं माहीत असन तं मंग मी लिवनच ना." सगळे हसले, तोही हसला. तो गेल्यावर ती मला म्हणाली की बारावीला पुन्हा तोच माणूस शोधावा लागेल, आणि अंगणवाडीत लेकरांनी काही विचारलं की पुन्हा. मान खाली घालून बसायचा तिला कंटाळा आला होता.

पेपर झाले. भूगोलाचा पेपर देऊन आली तेव्हा हरभऱ्याची सोंगणी चालू होती आणि ती चप्पल न काढता थेट वावरात गेली. १३ मेला दुपारी एक वाजता निकाल लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के. इतके लोक पास होतात त्यात काय मोठं, असं वाटू शकतं. वाटू द्या. वहिनीला ५७ टक्के पडले. गणितात काठावर, भूगोलात सगळ्यांत जास्त. जूनमध्ये तिनं अकरावीला कला शाखेत नाव घातलं.

डबे अजून आहेत. आता पुतणी दुसरीत गेली आहे आणि चिठ्ठ्या विचारायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं आहे. आईलासुद्धा विचारते. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी बघत होते. पुतणीनं चिठ्ठी काढली आणि अडखळत वाचलं, "ब्राझीलची राजधानी कोणती?" आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "नाई येत. पुढची काढ."